घाव आणि देवपण

टाकीचे घाव सोसल्यावाचून देवपण येत नाही, ही म्हण आपण सारेच उच्चारीत आलो. परंतु ते घाव कोणी सोसावयाचे, दगडाने की ज्याची मूर्ती त्या दगडातून काढावयाची त्याने, हे म्हण सांगत नाही, आणि एखाद्या चौकातील पुतळ्यासाठी सार्वजनिक खजिन्यातून रक्कम खर्ची घालण्याचा विषय निघाला की माझे मन नेमके त्याच ठिकाणी अडते.

उदाहरण म्हणून बाबुराव शेडमाके यांचा पुतळा घेऊ. ते मोलमपल्लीच्या जमीनदार घराण्यातले. जंगोम सेना उभारून १८५८ साली त्यांनी चांद्याच्या, म्हणजे आजच्या चंद्रपूरच्या, इंग्रजी अंमलाशी लढा मांडला, आणि त्याच वर्षी २१ ऑक्टोबरला, ऐन पंचविशीत, चांद्याच्या तुरुंगातील पिंपळाला त्यांना फाशी देण्यात आले. घाव त्यांनी सोसले ते असे. त्यांचा पुतळा ब्राँझचा केला तर तो साच्यात ओतला जाईल, त्याला टाकी लागणारच नाही; मग त्या धातूला देवपण यावयाचे ते कोणत्या वेदनेच्या बळावर? तो पिंपळ मात्र कोणाच्याही मंजुरीवाचून उभा राहिला, आणि जयंतीला व स्मृतिदिनी दुरून चालत येणाऱ्या माणसांना तो पुरेसा वाटला.

परंतु एवढ्यावरून पुतळा अनावश्यक ठरवणे मला अन्यायाचे वाटते. ज्यांच्या पूर्वजांची नोंद सरकारी दप्तरात बंडखोर म्हणूनच झाली, त्यांना चौकातील चौथरा ही एक प्रकारची सनदच आहे. शेडमाक्यांच्या नावाचे टपाल तिकीट निघावयास २००९ साल उजाडले; दीडशे वर्षे ज्यांनी वाट पाहिली त्यांना काटकसरीचा उपदेश कोणत्या तोंडाने करावा? चांद्याच्या गोंड राणी हिराईने आपला पती राजा बीरशहा याची समाधी बांधली तेव्हाही पैसा रयतेच्या महसुलातूनच आला असणार, आणि आज त्या समाधीला उधळपट्टी म्हणण्याचे धैर्य माझ्यात तरी नाही. उलट मालवणच्या राजकोटावरील शिवछत्रपतींचा पुतळा ४ डिसेंबर २०२३ रोजी उभा राहिला आणि २६ ऑगस्ट २०२४ रोजी कोसळला. नऊ महिनेही न टिकलेल्या त्या कामाने खजिन्यापेक्षा श्रद्धेची हानी अधिक केली. गडचिरोलीच्या अरण्यात तर नक्षलवाद्यांनी आपल्या मृतांची स्मारके बांधावीत आणि पोलिसांनी ती पाडावीत, असे वर्षानुवर्षे घडत आले आहे. जेथे स्मारक बांधणे व पाडणे हाही युद्धाचाच भाग होतो, तेथे ‘हा केवळ खर्चाचा प्रश्न आहे’ असे म्हणून मोकळे होता येत नाही.

आणि येथे मला लालपेठ आठवते. चंद्रपूरलगतच्या या कोळसा खाणींच्या वस्तीत एकेका अखंड शिळेतून कोरलेल्या प्रचंड मूर्ती उघड्यावर आहेत: दशमुखी दुर्गा, हनुमान, गणपती, नंदी, शिवलिंग. रायप्पा नावाच्या एका धनिक वैश्याने भव्य शिवमंदिराचा संकल्प करून त्या घडवून घेतल्या, पण मंदिर पुरे होण्यापूर्वीच तो गेला, असे परंपरा सांगते. पैसा त्याचा स्वतःचा, म्हणजे हिशेब विचारणारे कोणी नव्हते; शिळा निवडली गेली, कारागीर मिळाले, टाकीने आपले काम चोख केले. म्हणीने घातलेली अट तर पुरी झाली होती. तरीही गाभारा उठला नाही, कळस चढला नाही. पाऊस पडला की कोरीव कामाच्या खोलगट रेषांत पाणी साचते आणि उन्हाने तेथेच आटून जाते. दुर्गेची दहा मुखे मोजून लोकांनी तिला रावण म्हटले. मूर्ती घडवणाऱ्याच्या मनातील देवता पाहणाऱ्याच्या मनात उतरली नाही, तर इतक्या घावांनंतरही ती दुसरीच कोणीतरी होऊन बसते, हे पाहून मी हादरतो.

याच्या अगदी उलट, भामरागडकडील माडिया कुटुंबे आपल्या मृतांसाठी उभे दगड रोवतात. त्या दगडावर ना नाक, ना डोळे, ना नाव. टाकी त्याच्या वाटेला गेलेली नसते. तरीही तो कोणाचा, हे गावाला ठाऊक असते, कारण तो रोवताना सारे गोत जमलेले असते. मग म्हण खोटी म्हणावी काय? की घाव दगडावर नव्हे, तो उभा करणाऱ्यांच्या काळजावर पडलेले असावे लागतात? असे म्हणावे, तर मुंबईच्या समुद्रातील शिवस्मारकाचे जलपूजन २०१६ च्या डिसेंबरात झाले तेव्हा ज्यांची छाती भरून आली त्यांच्या भावनेला खोटे कसे म्हणावयाचे? तिचे मोजमाप कोणत्या कचेरीत करावयाचे? आणि ते करता येत नाही म्हणून लोकांच्या पैशाचा हिशेबच मागू नये काय? या प्रश्नाला हात घातला तेव्हा पुतळ्यांना माझा विरोध आहे असे मला वाटत होते. आता तेही निश्चयाने सांगता येत नाही.

ज्यांच्या हाती मंजुरी आहे त्यांना एवढीच विनंती की, पुढच्या पुतळ्याच्या ठरावावर सही करण्यापूर्वी त्यांनी एकदा लालपेठेला जाऊन यावे, आणि ज्यांच्यासाठी तो पुतळा उभारावयाचा त्यांनाही सोबत न्यावे.