गोठावं, पण जागेवर

बोट कापलं आणि रक्त काही मिनिटांत थांबलं, की आपण रक्ताच्या गोठण्याचं कौतुक करतो. अधिक नवलाचं आहे ते या गोठण्याला वेळीच लगाम बसणं. गोठायला लागणारं सामान रक्तात अष्टौप्रहर हजर असतं: एका मायक्रोलिटरमध्ये दीड ते साडेचार लाख प्लेटलेट्स आणि विरघळलेलं फायब्रिनोजेन. रक्तवाहिनी फाटली की अस्तराखालचं कोलॅजन उघडं पडतं. प्लेटलेट्स त्याला चिकटतात, थ्रॉम्बिन तयार होतं, ते फायब्रिनोजेनचे धागे करतं आणि स्वतःची निर्मितीही वाढवत नेतं. हा वणवा जखमेपुरता राहतो, कारण शेजारच्या धडधाकट अस्तरावर थ्रॉम्बोमोड्युलिन त्याच थ्रॉम्बिनला धरून प्रोटीन सी जागं करतं, आणि प्रोटीन सी पुढचं गोठणं रोखतं. प्रवाहात निसटलेलं थ्रॉम्बिन अँटिथ्रॉम्बिन निकामी करतं.

ही हद्द मोडली तर काय होतं, ते घोणस दाखवते. तिचं विष फॅक्टर दहा आणि पाच या रक्त गोठवणाऱ्या प्रथिनांना अंगभर चेतवतं. नको तिथे गोठण्यात फायब्रिनोजेन संपतं आणि हिरड्यांतून, लघवीतून रक्त जाऊ लागतं. म्हणून सर्पदंशाच्या रुग्णाचं दोन मिली रक्त स्वच्छ, कोरड्या काचेच्या नळीत घेऊन २० मिनिटं न हलवता ठेवतात. नळी तिरकी केल्यावर ते ओघळलं, तर प्रतिविषाची गरज पटते. बेलगाम गोठण्याचा शेवट असा न गोठण्यात होतो.

कोणी म्हणेल, हिमोफिलियात तर गोठण्याचीच उणीव असते. खरंच आहे; फॅक्टर आठ अपुरा पडला की थ्रॉम्बिन पुरेसं वाढत नाही आणि सांध्यांत रक्त साकळतं. पण म्हणून जितकं जास्त गोठेल तितकं बरं, असं ठरत नाही. अमेरिकेतला रेल्वे कामगार जॉन हेगमन याच्या रक्तात फॅक्टर बारा नव्हता, हे १९५५ मध्ये प्रसिद्ध झालं. काचेच्या नळीत त्याचं रक्त गोठायला फार वेळ लागे, जखमेतून मात्र जादा वाहत नसे. पुढे तो गेला तो फुप्फुसात अडकलेल्या गुठळीने. काच फॅक्टर बाराला चेतवते, जखमेत सुरुवात टिश्यू फॅक्टर करतो. म्हणजे रक्त किती गोठतं याइतकंच ते कुठे आणि कशाने गोठतं याला महत्त्व आहे. हृदयविकाराच्या झटक्यात धमनीतला चरबीचा थर फुटतो आणि शरीर त्यालाही जखमच समजतं. तिथे हेपॅरिन देतात, ते अँटिथ्रॉम्बिनचाच जोर वाढवतं. शरीराचा लगाम कमी पडतो तिथे वैद्यकही तोच लगाम आवळतं.