भाव कोणाला विचारायचा

मानवतच्या बाजारात कापसाची गाडी येते तेव्हा दोन प्रश्न असतात: यंदाचा हमीभाव काय, आणि या गाडीला किती मिळणार? २०२५-२६ च्या हंगामात लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला ८११० रुपये आहे. तो सांगायला समोर कापूस लागत नाही. पण मालात ओलावा १० टक्के निघाला तर कापूस महामंडळाच्या नियमाने आठ टक्क्यांवरच्या दर टक्क्याला एक टक्का कापला जातो आणि ७९४७ रुपये ८० पैसे हाती येतात. बारा टक्क्यांच्या वर तर खरेदीच नाही. हे उत्तर तो माल तपासल्याशिवाय देता येत नाही. प्रोग्रॅमिंगमध्ये पहिला प्रश्न स्टॅटिक मेथडचा, क्लासला विचारायचा. दुसरा इन्स्टन्स मेथडचा, एका ऑब्जेक्टला विचारायचा. लायब्ररी रचणाऱ्याने मेथडची जागा हाताच्या सोयीने ठरवू नये, उत्तर कशावर अवलंबून आहे ते पाहून ठरवावी.

ही जागा अंधूक राहिली की काय होते, ते जावाच्या थ्रेड.स्लीपमध्ये दिसते. ही मेथड स्टॅटिक आहे आणि ती चालवणाऱ्या थ्रेडलाच थांबवते. तरी जावा ती दुसऱ्या थ्रेडच्या नावानेही लिहू देते. वाचणाऱ्याला वाटते तो दुसरा थांबला, थांबलेला असतो चालू थ्रेडच. सी शार्पमध्ये असे लिहिले तर कंपायलर अडवतो. जावानेही २०१४ मध्ये, आठव्या आवृत्तीत, इंटरफेसना स्टॅटिक मेथड दिल्या तेव्हा त्या ऑब्जेक्टवरून बोलावायची मुभा ठेवली नाही. मला हा निर्णय फार मोलाचा वाटतो.

स्टॅटिक मेथड सोपी, ऑब्जेक्ट बनवण्याचा खटाटोप कशाला, असे कोणी म्हणेल. दोन आकड्यांतला मोठा निवडायचा असेल तर ते अगदी खरे. पण हमीभावही दिसतो तितका स्थिर नाही. २०२४-२५ मध्ये तो ७५२१ होता. मेथडने चालू हंगाम स्वतःच्या पोटात दडवून ठेवला, तर मागच्या वर्षीची पट्टी पुन्हा काढताना आकडा चुकेल आणि चूक कुठेच दिसणार नाही. हंगाम बाहेरून द्यायला लावला की स्टॅटिक मेथडही प्रामाणिक राहते. जावाच्या लोकलडेट.नाऊला घड्याळ बाहेरून देता येते ते याचसाठी. चाचणी घेणाऱ्याला हवी ती तारीख उभी करता येते.

मेथड स्टॅटिक की इन्स्टन्स हे एडिटर दाखवतोच, मग दस्तऐवजात वेगळे कशाला लिहायचे, हा आक्षेपही ऐकू येतो. एडिटर मदत करतो ती लिहायला बसल्यावर. कोणती मेथड घ्यायची हे माणूस त्याआधी वाचून ठरवतो. म्हणून रूबीच्या दस्तऐवजात इन्स्टन्स मेथडच्या नावाआधी वेगळे चिन्ह असते आणि क्लासच्या मेथडआधी वेगळे. पायथनच्या डेटटाइममध्ये स्ट्रपटाइम आणि स्ट्रफटाइम ही नावे एका अक्षराने वेगळी आहेत. पहिली मजकुरातून तारीख घडवते, दुसरी हाती असलेल्या तारखेचा मजकूर करते. दस्तऐवजात फक्त पहिलीच्या आधी ‘क्लासमेथड’ असे छापलेले असते, आणि नवख्या वाचकाला तेवढ्यावरून कळते की तिथे तारीख अजून जन्मायची आहे.