बाळंतिणीची खोली

चाळीसगाव मागे टाकून गाडी धुळ्याच्या वाटेस लागली की वैशाखातील वारा भट्टीच्या तोंडासारखा अंगावर येतो. १९०० साली सुरू झालेल्या या लहानशा लोहमार्गाने आम्ही बालपणापासून मूळ घरी जात आलो. यंदाचे जाणे मात्र आमरसाकरिता नव्हते. मोठ्या काकू माडीच्या जिन्यावरून पडल्या होत्या. हाड सांधले, परंतु डॉक्टरांनी जिना कायमचा वर्ज्य केला, आणि त्यांच्यासाठी खाली निजावयाची खोली पाहणे प्राप्त झाले.

कॅप्टन ब्रिग्ज यांनी १८१९ साली धुळे हे खानदेशाचे मुख्य ठाणे केले, आणि पांझरेकाठच्या जुन्या गावाशेजारी सरळ रस्त्यांची नवी पेठ वसली. येथील गल्ल्यांस नावांऐवजी क्रमांक आहेत, याचे परगावच्या पाहुण्यास मोठे नवल वाटते. अशाच एका गल्लीत आमचे घर. पुढील भाग पाडून तेथे स्लॅब घातली त्यास पुष्कळ वर्षे झाली. मागील भाग मात्र अद्याप धाब्याचा आहे. सागाच्या खांबांवर तुळया, तुळयांवर कड्या, त्यांवर किलचण आणि वर पांढऱ्या मातीचा जाड थर. भर दुपारी स्लॅबखाली अंथरूणदेखील चटका देते. मागे पाऊल टाकावे तो रांजणाजवळ बसल्याचा भास होतो. जाड मातीतून ऊन आत पोहोचेपर्यंत सूर्यच मावळलेला असतो.

या भागात बाळंतिणीची खोली आहे. लांबी दोन खण, कोपऱ्यात मोरी, एक कोनाडा. खिडकी मुळीच नाही. आमच्या पिढीपर्यंतची सारी मुले येथेच जन्मली. पुढे बाळंतपणे दवाखान्यात होऊ लागली आणि खोलीत मोडकी बाज, घंगाळे, पाळण्याच्या साखळ्या असे सामान साठत गेले. जिना नाही, मोरी जवळ, गारवा भरपूर! सर्वांचे एकमत झाले.

काकू मात्र म्हणाल्या, "मला कोठेही ठेवा, त्या खोलीत नको."

कारण विचारता प्रथम त्या बोलेनात. मग म्हणाल्या, "माझी पहिली मुलगी तेथेच पाचव्या दिवशी गेली. तुम्ही कोणी तेव्हा नव्हता. दार लावलेले, बाजेखाली शेगडी, वारा लागू नये म्हणून फटींत चिंध्या कोंबलेल्या. तो धूर अजून माझ्या डोळ्यांपुढून जात नाही."

आम्हां कोणासही हे ठाऊक नव्हते. त्या सायंकाळी आम्ही सहज राजवाडे संशोधन मंडळाच्या बाजूस फिरावयास गेलो. इतिहासाचार्य राजवाडे १९२६ साली याच गावी निवर्तले. लोकांच्या घरांतून जुनी दप्तरे शोधून काढण्यात त्यांनी हयात घालविली. आणि आम्हांस आपल्याच घरातील एका खोलीची हकीकत इतक्या उशिरा कळावी!

दोन दिवस तो विषय कोणी काढला नाही. तिसऱ्या दिवशी काकू स्वतःच काठी टेकीत त्या दारापाशी आल्या. "खिडकी पाडता येईल का रे?" एवढेच त्यांनी विचारले.

वृद्ध गवंड्याने भिंत पाहून सांगितले की, धाब्याचा भार खांबांवर आहे, भिंतीवर नव्हे. तेव्हा दोन खांबांमध्ये खिडकी खुशाल पाडावी. आमच्या पुतण्यास सिमेंटचा गिलावा हवा होता. गवंड्याने तो साफ नाकारला. मातीच्या भिंतीतील ओल सिमेंट आतच कोंडते, आणि एकदोन पावसाळ्यांत पापुद्रे सुटू लागतात. मग चुना लावला. चौकट माळ्यावरील जुन्या सागवानी दाराची काढली. तिला वाळवीने तोंडही लावले नव्हते. मोरीच्या भिंतीस धरावयास दांडा बसविला.

खिडकी उन्हे चढण्यापूर्वी लावावयाची आणि दिवेलागणीनंतर उघडावयाची, हा नियम काकूंनीच घातला. रात्री वारा न मिळाल्यास तापलेल्या भिंती आत ऊब सोडतात, हे त्यांस आमच्याहून अधिक ठाऊक. पाळण्याच्या साखळ्या मोडीत जावयाच्या होत्या. त्या मागून घेऊन त्यांनी चिंचेने घासविल्या आणि कोनाड्यात ठेवल्या.

पहिल्या रात्री आम्ही दोघे बाहेर ओसरीवर जागेच होतो. आतून काही हाक आली नाही. सकाळी काकूंची तक्रार एवढीच होती की, खिडकीमुळे दूधवाल्याची सायकल फार लवकर जागे करते.