डाग की जखम?

मोटारीच्या चाकांच्या कमानींवर, दारांच्या खालच्या अंगास आणि बम्परच्या कडांना जो काळा, न रंगविलेला प्लास्टिकचा भाग असतो, त्यावरील ओरखडे कसे काढावेत, हा विषय घेऊन आम्ही लेखणी उचलली, हे पाहून कित्येक वाचकांस नवल वाटेल. परंतु ज्या अंगणांत पूर्वी सायकल टेकलेली असे, त्यांतील पुष्कळांत आज लहानशी मोटार उभी असते; आणि त्या काळ्या पट्ट्यांवरील चार पांढऱ्या रेघांपायी बापलेकांत कुरबूर व मालक-चालकांत तंटा झालेला आम्ही पाहिला आहे. अशाच एका तंट्यात एका माणसाचा पगार अडकला होता. तेव्हा विषय दिसतो तितका क्षुल्लक नाही.

आमच्या लहानपणी रस्त्यांवर अँबॅसडर आणि फियाट ह्या गाड्यांचे राज्य होते. त्यांचे बम्पर पोलादाचे, वर चकचकीत मुलामा दिलेले. धक्का बसला की पोचा पडे आणि कारागीर हातोडीने तो काढी. अँबॅसडरचे उत्पादन २०१४ साली थांबले, आणि पोलादी बम्परांचा तो काळही आता सरला आहे. आजचे काळे भाग बहुधा पॉलिप्रॉपिलीन नावाच्या प्लास्टिकचे असतात. मिलान येथील रसायनशास्त्रज्ञ जूलिओ नात्ता यांनी १९५४ साली ते प्रयोगशाळेत सिद्ध केले. १९५७ साली इटलीतील फेर्रारा येथे त्याचे कारखान्यात उत्पादन सुरू झाले. आणि १९६३ साली नात्ता यांस कार्ल झीग्लर यांच्यासह रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले.

मोटारीसाठी ह्या प्लास्टिकात आणखी काही जिन्नस मिसळतात. धक्का सोसावा म्हणून रबर, ताठपणा यावा म्हणून टाल्क म्हणजे आपले शंखजिरे, आणि काळा रंग यावा व उन्हापासून बचाव व्हावा म्हणून काजळी. भाग काढून आतल्या बाजूस पाहिले तर ह्या मिश्रणाची अक्षरे उमटविलेली आढळतात. 'पीपी' म्हणजे पॉलिप्रॉपिलीन. पुढे 'टी २०' असे असल्यास त्यात शेकडा वीस टाल्क आहे असे समजावे. येथे ध्यानात ठेवण्याजोगी गोष्ट ही की, ह्या भागाचा काळेपणा वरून दिलेला नसून अंगात मुरलेला असतो. वर असते ती केवळ साच्यातून उतरलेली बारीक, चामड्यासारखी रवाळ नक्षी.

आता तो तंटा. बेळगावातील आमच्या परिचयाचे एक व्यापारी गृहस्थ आहेत. त्यांची गाडी फाटकातून आत घेताना चालकाच्या हातून मागच्या चाकाची कमान चिरेबंदी खांबास घासली. खांबाला हिरवा ऑइलपेंट दिलेला. कमानीवर वीतभर लांबीचा हिरवट-पांढरा पट्टा उमटला. मालकांनी ठरविले की नवा भाग बसवावयाचा आणि त्याचे पैसे चार महिने चालकाच्या पगारातून कापून घ्यावयाचे. दोघेही आमच्याकडे आले.

"फादर, गाडी खांबाला लागली हे खरं आहे," चालक म्हणाला, "पण साहेबांनी नीट बघितलंच नाही."

"बघायचं काय त्यात, फादर? जखम दिसतेय की!" मालक म्हणाले.

आम्ही दोघांसही चार दिवस थांबावयास सांगितले आणि उद्यमबागेतील एका जाणत्या कारागिरास बोलावून घेतले. त्याने प्रथम कोणतेही औषध काढले नाही. साबणाच्या पाण्याने आणि मऊ फडक्याने तो भाग स्वच्छ धुतला, कारण आपल्याकडची तांबडी धूळ वर असताना पुसू गेल्यास तीच नवे ओरखडे पाडते. मग भाग कोरडा करून त्याने डोळे मिटले आणि पट्ट्यावरून आडवे नख फिरविले.

"फादर, हे दोन वेगळे प्रकार आहेत," तो म्हणाला. "नख जिथं वर चढतंय तिथं खांबाचा रंग बसलाय. नख जिथं अडकतंय तिथं गाडीचं अंग गेलंय."

सारी विद्या ह्या वाक्यात आहे. ओरखडा म्हणून जे दिसते त्याचा पुष्कळसा भाग दुसऱ्या वस्तूने आपल्यावर ठेवलेला असतो. पॉलिप्रॉपिलीनला रंग मुळातच धड चिकटत नाही; कारखान्यात तो बसविण्यासाठीही आधी निराळी प्रक्रिया करावी लागते. त्यामुळे खांबाचा, दुसऱ्या गाडीचा किंवा बुटाच्या तळव्याचा असा उसना रंग सहज सोडविता येतो. हार्डवेअरच्या दुकानात मिळणारे टर्पेंटाइन फडक्यावर थोडे घ्यावे, आधी एखाद्या न दिसणाऱ्या कोपऱ्यावर लावून पाहावे, आणि मग हलक्या हाताने, नक्षीच्या खाचांत पोचेल असे घासावे. दाराच्या उंबऱ्यावरील बुटांच्या काळ्या रेघांना तर शाळेतले पांढरे खोडरबरही पुरते. थिनर मात्र दूर ठेवावा. पॉलिप्रॉपिलीन तो सोसेल. परंतु शेजारचा रंग, किंवा 'एबीएस' अक्षरांचे दुसरे प्लास्टिक, त्याने विरघळू लागते.

आमच्या डोळ्यांदेखत तो वीतभर हिरवा पट्टा फडक्यावर उतरला. मागे राहिल्या तीन रेघा. दोन उथळ व पांढुरक्या, एक खोल.

पांढुरकी रेघ ही दुसऱ्या जातीची. तेथे बाहेरचे काही बसलेले नसते. घासल्याने रवाळ नक्षी फाटते, ताणाने प्लास्टिकात अतिसूक्ष्म पोकळ्या पडतात, आतले टाल्क उघडे होते, आणि प्रकाश विखुरल्यामुळे काळा पृष्ठभाग पांढरा भासतो. येथे कितीही पुसले तरी व्यर्थ. येथे उपाय उष्णतेचा. कारागिराने तो भाग पुन्हा साबणाने धुऊन पूर्ण सुकविला. टर्पेंटाइन ज्वालाग्राही असल्यामुळे ही पायरी कधीही गाळू नये. मग हीट गन वीतभर अंतरावर धरून, एका जागी क्षणभरही न थांबविता, इकडून तिकडे फिरविली. पॉलिप्रॉपिलीन सुमारे १६० अंश सेल्सियसला वितळते. त्याच्या अलीकडेच ते मऊ होऊन फाटलेले सूक्ष्म कंगोरे बसतात आणि काळेपणा परततो. हात रेंगाळला तर मात्र नक्षीच वितळून तेथे तुळतुळीत चट्टा पडतो, आणि तो पुन्हा रवाळ होत नाही. शेजारच्या रंगावर व काचेवर झळ जाऊ नये म्हणून त्याने आड ओला जाड कपडा धरला होता. ज्यांचा हात बसलेला नाही त्यांनी हे काम जाणत्याकडूनच करवून घ्यावे.

उथळ रेघा जवळजवळ नाहीशा झाल्या. खोल रेघ मंद झाली, परंतु राहिली. कारागीर तिला आणखी छेडीना. सँडपेपर लावला तर रेघेबरोबर भोवतालची नक्षीही जाईल आणि लहान खुणेची मोठी खूण होईल, असे त्याचे म्हणणे पडले. कित्येक जण अशा जागी खोबरेल, डिझेल किंवा काळे बूटपॉलिश चोळतात. दोन दिवस भाग चमकतो. पुढे त्यावर धूळ बसते आणि पहिल्या जोरदार पावसात सारे धुऊन जाते. रंगीत पत्र्यासाठी असलेले पांढरे पॉलिश तर नक्षीत अडकून वाळते व नवाच पांढरा डाग करते.

मालकांनी खाली बसून त्या उरलेल्या रेघेवरून स्वतः बोट फिरविले. बराच वेळ ते काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "एवढी राहू द्या. पगार पुरा मिळेल." कारागिराची मजुरी चालकाने आपण होऊन देऊ केली, मालकांनी निम्मीच घेऊ दिली. खांबाला गाडी लागली होती, ही गोष्ट दोघांपैकी कोणीही नाकारली नाही, हे आम्हांस विशेष वाटले.

वाचकहो, ह्या प्रकरणात कोणाचा दोष होता हे प्रथमपासून ठाऊकच होते. ठाऊक नव्हते ते इतकेच की नुकसान केवढे. आणि शिक्षा ठरली होती ती त्या न मोजलेल्या नुकसानीवर. एका नखाने व वाटीभर टर्पेंटाइनने ते मोजले गेले, तेव्हा चार महिन्यांच्या कापणीचे कारण उरले नाही. तुमच्या अंगणातील गाडीवर उद्या पांढरी रेघ दिसली, तर गॅरेजवाल्यास फोन करण्यापूर्वी आणि घरातील मुलास किंवा चालकास हाक मारण्यापूर्वी ती आधी धुवा, कोरडी करा आणि तीवरून नख फिरवून पाहा.