फिलिप राजाची वसई

मानखुर्दहून स्पेनच्या राजाच्या शहरात जायला पासपोर्ट लागत नाही. हार्बरची गाडी धरून कुर्ला, तिथून दादर, मग पूल ओलांडून विरार लोकल. सकाळची गर्दी उलट्या दिशेला वाहत असल्यामुळे खिडकीही मिळते. भाईंदर सुटलं की खाडीचा पूल येतो, खारा वारा तोंडावर बसतो. आम्हा मानखुर्दकरांना तो नवा नाही. वाशीच्या पुलावर रोज खातो तोच.

स्पेनला जाऊन आलेली मंडळी टोलेडोच्या गल्ल्यांचं वर्णन करू लागली की मी वसईचा विषय काढतो. त्यात थोडी असूया आहे, नाही म्हणत नाही. पण आधार इतिहासाचा आहे. गुजरातच्या बहादूरशहाने 1534 मध्ये वसई पोर्तुगीजांना दिली. पुढे 1578 मध्ये पोर्तुगालचा तरुण राजा सेबास्तियन मोरोक्कोच्या लढाईत निपुत्रिक मेला. त्याच्या मागून गादीवर बसलेला म्हातारा कार्डिनल हेन्रीही 1580 मध्ये गेला आणि ती गादी स्पेनच्या दुसऱ्या फिलिपकडे आली. 1640 पर्यंत, म्हणजे साठ वर्षं, माद्रिदचा राजा हाच वसईचाही राजा होता. अंमलदार पोर्तुगीजच, भाषाही पोर्तुगीजच. राजा तेवढा बदलला.

वसई गावातून रिक्षा थेट किल्लाबंदराच्या धक्क्यापर्यंत जाते. रस्ताच तटबंदीच्या पोटातून काढलेला आहे. त्यामुळे पुष्कळ लोक किल्ल्यातून जातात, किल्ल्यात जात नाहीत. मी भुईदरवाज्याशी उतरतो. आत शिरल्यावर बुरूज शोधायचे नाहीत, गल्ल्या शोधायच्या. हे एक अख्खं शहर होतं. कॅथेड्रल, मठ, घरं, चौक सगळं होतं. आता छपरं नाहीत, भिंती आहेत. भिंतींवर वड-पिंपळ आहेत आणि मधल्या मोकळ्या जागेत ताडामाडांची सावली. काळ्या दगडाच्या बांधकामात दारा-खिडक्यांच्या चौकटींना फिकट दगड वापरलाय. ऊन कललं की आधी तो फिकट दगड उजळतो, काळा नंतर.

सेंट जोसेफ कॅथेड्रलच्या मनोऱ्याखाली मी नेहमी रेंगाळतो. इथल्या शिलालेखात 1601 साल आहे आणि गोव्याचे आर्चबिशप आलेइशो द मेनेझिस यांचं नाव. तेव्हा गादीवर तिसरा फिलिप होता. त्याने हे देऊळ (आमच्याकडची जुनी ख्रिस्ती माणसं चर्चला देऊळच म्हणतात) कधी पाहिलं नाही. ज्यांच्या नावाने शहरं चालतात त्यांना ती पाहावी लागत नाहीत, हे आपल्यालाही ठाऊक आहे.

फ्रान्सिस्कन मठाच्या चर्चमध्ये जमीन म्हणजे थडग्यांच्या शिळा. कुणाचं घराण्याचं चिन्ह, कुणाचं अर्धं झिजलेलं नाव. त्यांच्यावर उभं राहून लग्नाआधीचे फोटो काढणारी जोडपी येतात, धूर सोडणाऱ्या नळकांड्या पेटवतात. माझी तक्रार जोडप्यांविषयी नाही, धुराविषयी आहे.

पण मला या वाटेवर सगळ्यात जास्त सोबत करतात ते गोन्सालो गार्सिया. बाप पोर्तुगीज, आई इथली. वसईच्या जेझुइटांकडे शिकले, त्यांच्याबरोबर कोवळ्या वयात जपानला गेले, भाषा शिकले, व्यापार केला आणि शेवटी स्पेनच्या ताब्यातल्या मनिलात फ्रान्सिस्कन झाले. पेद्रो बाउतिस्ता हा स्पॅनिश धर्मगुरू वकील म्हणून जपानला निघाला, तेव्हा दुभाषा हा वसईकर. 5 फेब्रुवारी 1597 रोजी नागासाकीत इतर पंचवीस जणांबरोबर त्यांना क्रुसावर मारलं गेलं. 1862 मध्ये ते संत झाले. वसई आणि मनिला तेव्हा एकाच राजाच्या होत्या. हा सगळा पसारा मला नकाशात कधी कळला नव्हता. जेझुइट चर्चच्या खांबांपाशी उभा राहिलो की कळतो.

समुद्राच्या बाजूला कोळीवाडा. दांडीवर बोंबील वाळत घालणाऱ्या एका मावशींनी विचारलं, "कुठून आलात, दादा?"

"मानखुर्दहून."

"एवढ्या लांबून हे पडकं बघायला?"

"तुम्ही रोज बघता ना, मावशी."

"आम्ही कुठं बघतो? आम्ही बोंबील बघतो," म्हणाल्या आणि हसल्या.

मे 1739 मध्ये चिमाजी आप्पांच्या फौजेने सुरुंग लावून तट फोडला तेव्हा स्पेनचा राजा पोर्तुगालच्या गादीवरून जाऊनही शंभर वर्षं होत आली होती. शरण आलेल्यांना सन्मानाने बाहेर पडू दिलं गेलं. चर्चच्या घंटा मात्र इथे राहिल्या नाहीत. भीमाशंकरला टांगलेली घंटा वसईची, नाशिकच्या नारोशंकराची घंटाही वसईचीच मानतात. देवळात गेलात तर त्यांच्यावरचा क्रूस आणि साल जरूर पाहा. ज्या शहराचा आवाज गेला, तो डोंगरात आणि गोदाकाठी अजून वाजतो.

जाणार असाल तर रिक्षा दरवाज्याबाहेर सोडा, पाणी बरोबर घ्या आणि पावसाळा संपल्यावर या; शेवाळलेले दगड फार घसरतात.