सहा आंकड्यांची मुद्रा

विशाखदत्ताच्या ‘मुद्राराक्षस’ नाटकाचा सारा डोलारा एका आंगठीवर उभा आहे, हें संस्कृत शिकलेल्या वाचकांस आठवत असेलच. ती अमात्य राक्षसाची नाममुद्रा. नगर सोडतांना त्यानें आपलें कुटुंब चंदनदास नांवाच्या मित्राच्या घरीं ठेविलें, आणि ती मुद्रा पत्नीच्या हातांत राहिली. चाणक्याचा हेर यमपट घेऊन त्या घरांत शिरला. पांचेक वर्षांचें एक मूल कुतूहलानें दाराकडे धांवलें. त्यास आंत ओढतांना त्या माउलीच्या बोटांतून पुरुषाच्या मापाची ती सैल आंगठी गळली आणि घरंगळत हेराच्या पायाशीं आली. पुढें त्याच मुद्रेचा ठसा उमटलेलें एक कपटपत्र मलयकेतूच्या हातीं पडतें, आणि ज्या राक्षसाची निष्ठा शत्रूही वाखाणीत, तो आपल्याच माणसांत द्रोही ठरतो.

वर्गांत मुलांस ही कथा सांगतांना चाणक्याच्या बुद्धीचें कौतुक ओघानेंच होई. अलीकडे मात्र माझें लक्ष त्या सैल आंगठीवरच खिळतें. शत्रूनें तिजोरी फोडली नाहीं कीं पहारेकरी मारला नाहीं. मुद्रा उंबऱ्याशीं आपोआप गळली, आणि नंतर जें घडलें तें राक्षसाच्या नांवानें घडलें.

आज आपणां प्रत्येकाजवळ अशा चार-पांच मुद्रा आहेत : बँकेचें खातें, ईमेलचें खातें, व्हॉट्सॲप आणि ह्या सर्वांस जोडणारा मोबाइल क्रमांक. पलीकडचें यंत्र आपलें शील जाणत नाहीं. परवलीचा शब्द जो सांगेल तो धनी, एवढेंच त्यास कळतें.

आम्हां मीरा-भाईंदरकरांस हा विषय परका नाहीं. ऑक्टोबर २०१६ मध्यें ठाणे पोलिसांनीं मीरा रोड येथील कॉल सेंटरांवर छापे घालून शेंकडों तरुण-तरुणींस ताब्यांत घेतलें, हें पुष्कळांस स्मरत असेल. तेथून अमेरिकेंत फोन जात. बोलणारा आपण तेथील प्राप्तिकर खात्याचा अधिकारी असल्याचें सांगे, अटकेची धमकी देई, आणि घाबरलेल्या माणसास दुकानांतून भेट-कार्डें आणावयास लावून त्यांवरील क्रमांक फोनवरच वाचून घेई. आमच्याच रस्त्यांवरून जाणारीं-येणारीं, थोडेंफार इंग्रजी बोलणारीं हीं मुलें. त्यांनीं साता समुद्रांपलीकडचें एकही कुलूप फोडलें नाहीं. भीति दाखविली, आणि समोरच्यानें आंगठी स्वतःच काढून दिली.

भीति दाखवूनच नव्हे, तर ओळख दाखवूनही मुद्रा काढून घेतां येते. आमच्या इमारतींत एक वृद्ध गृहस्थ राहतात. त्यांना एका जुन्या स्नेह्याच्या नांवानें संदेश आला : ‘माझा सहा आंकडी क्रमांक चुकून तुमच्या फोनवर आला आहे, तेवढा कळवा.’ नांव ओळखीचें, छायाचित्र ओळखीचें. त्यांनीं क्रमांक कळविला. वस्तुतः स्नेह्याचें खातें आधींच चोरीस गेलें होतें. चोरानें आपल्या फोनवर ह्या गृहस्थांचा मोबाइल क्रमांक घातला होता, आणि आलेला क्रमांक ही ह्यांच्याच व्हॉट्सॲप खात्याची परवल होती. ती मिळतांच खातें चोराच्या हातीं गेलें. तासाभरांत ह्यांच्या नांवानें आप्तेष्टांस निरोप गेले : ‘रुग्णालयांत आहें, वीस हजार तातडीनें पाठवा.’ पुण्याच्या एका विधवा भाचीनें ते पाठविलेही. मामांनीं जन्मांत कोणापुढें हात पसरला नव्हता, म्हणूनच तिला शंका आली नाहीं.

भाचीचे पैसे त्यांनीं निवृत्तिवेतनांतून फेडले. परंतु आतां त्यांचा कांहीं निरोप गेला कीं नातेवाईक आधीं फोन करून खात्री करून घेतात, ह्याचें त्यांना फार दुःख होतें. “मास्तर, माझ्या शब्दाची पत गेली,” असें ते म्हणाले. मी त्यांना म्हणालों, “अप्पा, ही खात्री करून घेण्याची रीत आधींच असती, तर तुमच्या भाचीचे पैसे वांचले असते.”

मला जें सांगावयाचें आहे तें हेंच. आपल्या एकत्र कुटुंबांत ‘तुझें-माझें’ करणें हलकेपणाचें मानतात. त्यामुळें पासवर्ड भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहिलेला असतो, आजोबांचा फोन चार नातवंडें हाताळतात, आणि ओटीपी आला कीं जो जवळ असेल तो मोठ्यानें वाचून दाखवितो. कोणी ‘हा माझा शब्द मी सांगणार नाहीं’ म्हटलें, तर ‘आमच्यापासून काय लपवायचें?’ हा प्रश्न ठरलेला. परंतु जुन्या घरांची खरी रीत आठवून पाहा. कोठीच्या किल्ल्यांचा जुडगा आजीच्या कमरेला असे. कोठी साऱ्या घराची, किल्ली मात्र एकीच्या कमरेला. त्यांत सुनांचा अविश्वास आहे असें कोणी मानीत नसे. किल्ली एकीकडे असली म्हणजे तिची जबाबदारी निश्चित होते, एवढाच त्याचा अर्थ. परवलीच्या शब्दासही हाच न्याय लावावा.

आतां व्यवहाराच्या चार गोष्टी. पहिली : ईमेलच्या खात्याचा पासवर्ड सर्वांहून भक्कम असावा, कारण इतर बहुतेक खात्यांची विसरलेली किल्ली त्याच पत्त्यावर येते. एक पासवर्ड दोन ठिकाणीं वापरूं नये. एका ठिकाणाहून चोरलेला शब्द चोर दुसऱ्या दारांस लावून पाहतातच. शब्द क्लिष्ट असण्यापेक्षां लांब असावा. परस्परांशीं संबंध नसलेले चार-पांच शब्द जोडावे. नातवाचें नांव, जन्मसाल किंवा सर्वांस पाठ असलेल्या श्लोकाचा चरण घेऊं नये. लक्षांत राहत नसेल तर वहींत लिहून ती वही कपाटांत कुलपांत ठेवावी. दूरदेशीचा चोर आपलें कपाट उघडूं शकत नाहीं.

दुसरी : जेथें दुसरें कुलूप मिळतें तेथें तें लावावें. व्हॉट्सॲपनें २०१७ सालीं अशी दुहेरी पडताळणी सर्वांस खुली केली; स्वतः ठरविलेला सहा आंकडी पिन त्यांत घालतां येतो, आणि मग नुसत्या संदेशांतील क्रमांकावर चोराचें काम भागत नाहीं. आपलें खातें आणखी कोणत्या यंत्रांस जोडलें आहे, हेंही मधूनमधून पाहावें.

तिसरी : आलेला क्रमांक कोणासही सांगूं नये, पोटच्या मुलाच्या नांवानें मागणी आली तरी नाहीं. फोन बंद करावा आणि आपल्याजवळच्या जुन्या क्रमांकावर स्वतः फोन करून आवाज ऐकावा.

चौथी : मोबाइलला जोडलेल्या बँक खात्यांत महिन्याच्या खर्चापुरतीच रक्कम असावी, ठेवी निराळ्या खात्यांत.

इतकें करूनही मुद्रा गळली तर? आमच्या अप्पांनीं ती गोष्ट दोन दिवस मुलापासून लपविली. कारण एकच : मुलगा रागावेल. चोरास सर्वांत मोठें साहाय्य ह्या लज्जेचें होतें. रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकांतील तत्त्व असें कीं, ग्राहकानें परवल स्वतः दिली असेल तर बँकेस कळवीपर्यंतचें नुकसान ग्राहकाचें, कळविल्यानंतरचें बँकेचें. म्हणजे प्रत्येक लपविलेल्या तासाची किंमत आहे. म्हणून तत्काळ बँकेस कळवावें, १९३० ह्या राष्ट्रीय मदत-क्रमांकावर तक्रार द्यावी आणि आप्तांस सावध करावें. व्हॉट्सॲप गेलें असेल तर आपल्या फोनवर आपला क्रमांक पुन्हां नोंदवावा. नवी परवल घालतांच चोर बाहेर फेंकला जातो. दुसऱ्याचा पासवर्ड कपटानें वापरणें हा माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६-क अन्वयें तीन वर्षांपर्यंत कैदेचा आणि एक लाख रुपयांपर्यंत दंडाचा गुन्हा आहे. तेव्हां अपराध चोराचा आहे, फसलेल्या म्हाताऱ्याचा नव्हे, हें घरांतील तरुणांनीं ध्यानांत ठेवावें.

येत्या रविवारीं जेवणें आटोपल्यावर अर्धा तास सर्वांनीं एकत्र बसावें. नातवानें आजोबांस दुसरें कुलूप लावून द्यावें, पिन मात्र आजोबांनींच ठरवावा आणि तो घालतांना नातवानें तोंड फिरवावें. शिकवितांना हंसूं नये, आणि शिकतांना वडील माणसांनीं संकोच करूं नये. ‘कांहीं चुकलें तर आधीं मला सांगा, मी रागावणार नाहीं,’ एवढें वाक्य घरच्या कर्त्या माणसानें त्या वेळीं स्पष्ट बोलून ठेवावें, ही माझी वाचकांस आग्रहाची विनंति आहे.