नॉन-रिअॅक्टिव्ह

चवथ आठ-दहा दिवसांवर आली होती. माटोळीला काय काय बांधायचे ते आई तोंडपाठ सांगत होती आणि मी लिहून घेत होतो. हे २०१७ सालचे. त्याच रात्री तिला ताप भरला. डोळ्यांच्या मागे दुखते म्हणाली, सांधे ठणकू लागले. पावसाळ्यात आमच्या फोंड्याकडे असा ताप आला की सगळ्यांच्या मनात एकच नाव येते.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांकडे न जाता मी तिला थेट लॅबमध्ये नेले. "डेंग्यूची अँटिबॉडी टेस्ट करा," असे मीच सांगितले. अर्धवट ज्ञान, दुसरे काय! संध्याकाळी कागद हाती आला. आयजीएम नॉन-रिअॅक्टिव्ह, आयजीजी नॉन-रिअॅक्टिव्ह. मी लगेच मुंबईला भावाला फोन केला. "डेंग्यू नाही रे, साधा ताप आहे."

चौथ्या दिवशी ताप उतरला आणि आम्ही निर्धास्त झालो. पण आई पेजेच्या वाटीला हात लावीना. पोटात दुखत होते, हातपाय गार पडले होते, बोलता बोलता तिचे डोळे मिटत होते. "ताप देंवलो न्हय, आनी कितें जाय?" असे उलट तीच मला समजावत होती. पाचव्या दिवशी सकाळी तिच्या हिरड्यांतून रक्त आले.

इस्पितळात पुन्हा रक्त काढले. प्लेटलेट्स ३८ हजार. निरोगी माणसात त्या दीड लाखांच्या वर असतात. आणि आयजीएम रिअॅक्टिव्ह.

मी तावातावाने पहिला कागद डॉक्टरीणबाईंपुढे धरला. लॅबने घोळ घातला, असे माझे म्हणणे. त्यांनी फक्त तारीख पाहिली. "ताप कधी आला?" "आदल्या रात्री." "मग हा कागद बरोबरच आहे," त्या म्हणाल्या. "तुम्ही विषाणू शोधलाच नाहीत. विषाणूला शरीराने दिलेले उत्तर शोधलेत, आणि ते तयार व्हायला चार-पाच दिवस लागतात."

सुरुवातीच्या दिवसांत एनएस-१ ही तपासणी करायची असते. ती खुद्द विषाणूचे प्रथिन पकडते. आयजीएम ताप आल्यावर साधारण चौथ्या-पाचव्या दिवसापासून दिसू लागते आणि दोन-तीन महिने रेंगाळते. आयजीजी त्यामागून येते आणि वर्षानुवर्षे राहते. दुसऱ्यांदा डेंग्यू झाला, तर मात्र ती लवकर उसळते. आणि ताप उतरतो तोच काळ डेंग्यूत सर्वात धोक्याचा, कारण रक्तातले पाणी वाहिन्यांबाहेर झिरपते ते तेव्हाच. आम्ही नेमके त्याच दिवशी निर्धास्त झालो होतो.

याची उलट बाजू आमच्या मावशीकडे. दर पावसाळ्यात तिची विडाल टेस्ट होते, १:८० असा आकडा येतो आणि तिला 'टायफॉईड' होतो. विडाल या फ्रेंच डॉक्टराने ही तपासणी १८९६ साली मांडली. पण जिथे टायफॉईड नेहमीचाच, तिथे जुन्या संसर्गाच्या किंवा लशीच्या अँटिबॉडीज धडधाकट माणसाच्या रक्तातही सापडतात. एकट्या आकड्यावरून फारसे कळत नाही. अँटिबायोटिक सुरू करण्यापूर्वी रक्ताचे कल्चर केलेले बरे. मावशीला हे सांगून पाहिले. तिने मलाच वेड्यात काढले.

आई सहा दिवसांनी घरी आली. त्या वर्षी माटोळी शेजाऱ्यांनी बांधली आणि तिने खुर्चीत बसून चुका काढल्या.

पुढच्या पावसाळ्यात मला ताप आला. या खेपेस आधी डॉक्टर, मग लॅब. एनएस-१ नाही, आयजीएम नाही, पण आयजीजी रिअॅक्टिव्ह. म्हणजे हा ताप डेंग्यूचा नव्हता, पण पूर्वी कधीतरी बहुधा मलाही डेंग्यू होऊन गेला होता आणि मला पत्ताही नव्हता. डेंग्यूच्या विषाणूचे चार प्रकार आहेत, दुसऱ्यांदा वेगळा प्रकार गाठला तर आजार जास्त जड जाऊ शकतो, हेही त्या दिवशी कळले. तो कागद आईच्या कागदांबरोबरच फाईलमध्ये ठेवला आहे. दोन्हींच्या कोपऱ्यात मी पेनाने ताप आल्याची तारीख लिहिली आहे.